काय कापायचंय, साहेब?

सीएनसी राउटर करायचा म्हणणाऱ्या माणसाला ‘कशाला?’ असं विचारलं तर तो मुळीच रागावत नाही. उलट त्याचा चेहरा उजळतो आणि तो उत्तर देतो. सोमवारी उत्तर असतं, लेकीच्या नव्या फ्लॅटचं फर्निचर. बुधवारी देव्हारा. रविवारी कुणी पाहुणे आले असतील तर ‘पुढेमागे एखादा जोडधंदा’. तिन्ही उत्तरं प्रामाणिक असतात. फक्त लेकीने फर्निचर कधीच दुकानातून आणून बसवलेलं असतं, देव संगमरवरी देव्हाऱ्यात सुखाने नांदत असतात आणि जोडधंद्याचा विषय निघाला की बायको उठून चहा ठेवायला जाते.

आमच्या दादाने सारी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये काढली. टूलरूमचा माणूस निवृत्त होतो, त्याचे डोळे होत नाहीत. लग्नाच्या पंगतीत ताट समोर आलं की दादा आधी ते सपाट आहे का ते बघतो, मग वाढलंय काय ते. निवृत्तीनंतर त्याने रो-हाउसच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढून गुलमोहराखाली लावली आणि एक छोटासा राउटर करणार असल्याचं जाहीर केलं.

“अहो, गाडीवर सगळी फुलं पडतील,” वहिनी म्हणाली.

“पावसाळ्यापुरतं गं.”

कुठल्या पावसाळ्यापुरतं, हे त्याने सांगितलं नव्हतं.

वस्तू तशी साधी. एक टेबल. टेबलावर आडवा पूल, त्याला गँट्री म्हणतात. पूल मागेपुढे सरकतो, पुलावरची गाडी डावीउजवीकडे सरकते आणि गाडीवरचा स्पिंडल वरखाली होतो. स्पिंडलच्या तोंडात पेन्सिलीएवढं कटर मिनिटाला अठरा-चोवीस हजार फेरे घेतं आणि संगणक सांगेल त्या वाटेने लाकूड खात जातं. आता तालुक्याच्या गावीही हे मशीन असतं. दुकानांच्या पाट्या, जिन्यातल्या जाळ्या, देव्हाऱ्याचे ओम त्यावरच निघतात. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या मखरांसाठी एमडीएफ कापायलाही ते राबतं. कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत नव्या बंगल्यांच्या दारांवर तोच मोर त्याच बाजूला मान वळवून बसलेला दिसतो, कारण तो एका पेनड्राइव्हमधून दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये उडत असतो. सारस्वतांनी लक्ष घालावं असा हा विषय आहे; एवढा प्रवास केलेला मोर आपल्या वाङ्मयात दुसरा नाही.

या विद्येचा जन्म मात्र मोरासाठी झाला नव्हता. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचे. पात्याचा वक्र अचूक हवा, म्हणून १९४० च्या दशकात त्यांच्याकडे त्या वक्रावरचे बिंदू आयबीएमच्या गणनयंत्रावर काढले गेले आणि मिलिंग मशीनपाशी तीन माणसं उभी राहिली. एक आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा एक्सचं चाक फिरवणार, तिसरा वायचं. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांची मापं अजून याच पद्धतीने घेतली जातात. फक्त आकडे वाचणारा मधूनमधून फोनवरही बोलत असतो. पुढे अमेरिकेच्या हवाई दलाने पैसा घातला, एमआयटीने डोकं घातलं आणि १९५२ साली भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारं मिलिंग मशीन लोकांसमोर चालवून दाखवलं गेलं. १९५९ साली संगणकाला जवळपास इंग्रजीत सूचना देऊन धातू कापण्याची सोय झाली. त्या वेळी आलेल्या पत्रकारांना याच तंत्राने कापलेली एक वस्तू भेट मिळाली. ॲल्युमिनियमचा ॲशट्रे.

दादा खचला की मी त्याला ही हकिगत ऐकवतो. हवाई दलाचा पैसा, एमआयटीची बुद्धी आणि ‘काय बनवलंत?’ याचं उत्तर ॲशट्रे. मग गॅरेजमधल्या एकट्या माणसाकडून कुणी किती अपेक्षा ठेवायची?

निवड सुरू होते आकारापासून. बाजारात आकारांना नंबर आहेत. ३०१८ म्हणजे तीनशे बाय एकशे ऐंशी मिलिमीटर. ए-फोर कागदापेक्षाही अरुंद. ६०९० म्हणजे सहाशे बाय नऊशे. १३२५ म्हणजे तेराशे बाय अडीच हजार. आठ बाय चारची अख्खी प्लायवुडची शीट मावून कडेला बोटभर जागा उरते. माणूस घरातून निघतो तो ३०१८ बघायला. ‘एवढा खर्च करतोच आहोत तर...’ असं म्हणत तो ६०९० पाशी येतो आणि तिथे न थांबता १३२५ पाशी पोचतो. याच एका वाक्यावर आपल्याकडे किती लग्नांची कार्यालयं बदलली गेली असतील, याचा हिशोब नाही.

दादा १३२५ पाशी पोचला तेव्हा पहिला आक्षेप गॅरेजने घेतला. मशीन आत बसत होतं. पण ते बसल्यावर शीट घेऊन आत येणाऱ्या माणसाला जागा उरत नव्हती. शीट खिडकीतून सरकवायचा तोडगा निघाला, तर खिडकीला गज. गज कापायचं बोलणं वहिनीच्या कानावर गेलं आणि मशीन चार बाय चारवर आलं. “मोठी शीट अर्धी अर्धी सरकवून कापता येते,” असं दादा तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. येते. बरोबर सरकवली तर.

मग ताठपणाचा अध्याय सुरू झाला, आणि तो घरात बराच काळ चालला. कटर लाकडात घुसलं की लाकूड त्याला मागे रेटतं. कटर स्पिंडलला रेटतं, स्पिंडल गाडीला, गाडी पुलाला, पूल दोन्हीकडच्या खांबांना. वाटेत जो नरम सापडेल तो वाकतो आणि कापलेली कड थरथरलेली दिसते. पूल किती वाकेल ते त्याच्या लांबीच्या घनावर ठरतं. लांबी दुप्पट केली तर वाक दुप्पट नाही, आठपट. हा नियम वाचला की शहाणा माणूस मशीन लहान करतो. दादाने पान उलटलं. पुढच्या पानावर होतं की पत्र्याची जाडी तीच ठेवून चौकोनी पाइप दुप्पट रुंद-उंच घेतला तर वजन दुप्पट होतं, ताठपणा मात्र आठपट वाढतो.

“आठ भागिले आठ,” दादा पहाटे फोनवर मला म्हणाला. “म्हणजे मोठं करण्यात तोटा काहीच नाही!”

तोटा असा होता की दुप्पट पूल हलवायला मोठी मोटर लागते. मोठ्या मोटरला मोठा ड्रायव्हर, त्याला मोठा पॉवर सप्लाय. धावता जड पूल झटक्यात थांबला की त्याच्यासोबत टेबलही पुढे जायला बघतं, म्हणून टेबल जड हवं. टेबल जड झालं की त्याचे पाय जड हवेत. दादा रात्री झोपताना मशीन जेवढ्या किलोचं असायचं, त्याहून सकाळी ते हटकून भरलेलं असे. आणि तोवर घरात लोखंडाचा एक तुकडाही आला नव्हता.

लोखंड की ॲल्युमिनियम, यावरही महिनाभर घर दुभंगलं होतं. ॲल्युमिनियमची खाचांची प्रोफाइल नटबोल्टने जोडता येतात, दिसतात देखणी, आणि भाचा त्यांच्या बाजूने होता. पण त्याच आकाराचं पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं. शिवाय स्पिंडल पुलाच्या पोटाशी एका बाजूला लटकतो, त्यामुळे पूल नुसता वाकत नाही, पिळवटतोही. आणि पिळाला बंद चौकोनी पाइपच पुरा पडतो. दादाने एवढं सगळं जेवताना, भाचा वरणभात कालवत असताना सांगितलं. भाच्याने शेवटी “मामा, लोखंडच घे” म्हणून ताट उचललं.

आमच्या घरातलं सगळं लाकूडकाम ज्यांनी केलं ते मिस्त्री याच सुमारास कपाटाची बिजागरी बदलायला आले. गॅरेजमधल्या फळ्यावरची समीकरणं त्यांनी कमरेवर हात ठेवून शांतपणे बघितली.

“मशीन करताय होय? काय कापायचंय, साहेब?”

दादा थबकला. इतक्या सरळ कुणी विचारलं नव्हतं. “काहीही,” तो म्हणाला.

“काहीही म्हणजे मग अर्धा सूत इकडंतिकडं चालतंय की.”

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे तीन हजार एकशे पंचाहत्तर मायक्रॉन. दादाने आयुष्यभर दहा मायक्रॉनसाठी पोरांचे जॉब परत केले होते. तो स्टुलावर बसला.

“आमच्या चौकात आहे एकाकडं,” मिस्त्री बिजागरी फिरवत म्हणाले. “फुटावर कापून देतो.”

“त्याची गँट्री हलते.”

“हलू दे की. मोराला कुठं कळतंय?”

मिस्त्रींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. राउटरच्या साऱ्या डिझाइनची किल्ली त्या एका प्रश्नात आहे. प्लायवुडची कपाटं करायची असतील तर शीट अख्खी बसली पाहिजे आणि मशीन पळालं पाहिजे. केसाएवढा फरक कपाटाला समजत नाही. पाट्या आणि नक्षी हवी असेल तर मध्यम आकार, चांगला स्पिंडल आणि भरपूर धीर. ॲल्युमिनियम कापायचं असेल तर मशीन लहान, जाडजूड आणि ताठ हवं. तिन्ही एकदम हवं म्हणणाऱ्याला तिन्हींचा खर्च करावा लागतो आणि गुण एकाचेही पुरते मिळत नाहीत. हे दादाला ठाऊक नव्हतं असं नाही. कारखान्यात ‘जॉब कोणता?’ हे विचारल्याशिवाय त्याने कधी ड्रिलही हातात घेतला नव्हता. पण तिथे जॉब दुसऱ्याचा असायचा.

तरीही काम पुढे गेलं. रविवार पेठेत बोहरी आळीत बोल्टांचे हिशोब झाले, तपकीर गल्लीत पॉवर सप्लाय मिळाला आणि चौकोनी पाइप वेल्डिंगवाल्याकडे गेले. वेल्डिंग थंड होताना लोखंड आपल्याकडे ओढून घेतं. वेल्डिंगवाल्या पोराने सांगाडा आणून दिला तो त्याच्या मते ‘एकदम गुण्यात’ होता. दादाने त्यावर सपाटी मोजायचा डायल फिरवला आणि काही न बोलता आत जाऊन पाणी प्यायला. मग कर्ण मोजणं सुरू झालं. आयताचे दोन्ही कर्ण सारखे आले की कोपरे काटकोनात, हे मिस्त्री दोरीने बघतात आणि दादा स्टीलच्या टेपने. दोघांनीही मोजलं आणि दोघांचंही उत्तर वाईटच आलं. शेवटी पूल ज्यांवरून सरकतो त्या रेल बसायच्या जागी पातळ इपॉक्सी ओतायचं ठरलं. ते पाण्यासारखं पसरतं आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने आपोआप सपाट होऊन घट्ट बसतं. ते सुकेपर्यंत गॅरेजमध्ये कुणी शिंकायचं नाही असा हुकूम निघाला. तरी एक मुंगी गेलीच. ती अजून तिथे आहे, आणि डायल तिच्यावरून जाताना मान वर करतो.

टेबलाची फळी बसली आणि आमच्या घरात इतिहासात प्रथमच एक खरोखर सपाट पृष्ठभाग निर्माण झाला. याची बातमी स्वयंपाकघरात पोचायला वेळ लागला नाही. मार्गशीर्षापासून मोटरी यायच्या होत्या, त्या चैत्र संपला तरी आल्या नव्हत्या आणि बाहेर उन्हाळा होता. वहिनीने धुतलेली साडी अंथरून टेबलावर उडदाचे पापड घातले. दादा कुरकुरला, पण संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो कॅलिपर घेऊन पापडांची जाडी मोजत होता.

“लाटणं मध्ये झिजलंय,” त्याने वहिनीला सांगितलं.

“मग एक लाटणं करून द्या.”

यावर दादाने जे तोंड केलं, ते बघून तिने पुन्हा काही मागितलं नाही.

मोटरी आल्या. या स्टेपर मोटरींचे नेमा २३ वगैरे नंबर असतात. त्यातला २३ म्हणजे मोटरीच्या तोंडाची रुंदी, २.३ इंच; तिच्यात दम किती, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. एका फेऱ्यात ती दोनशे पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे सोळाशे. एका फेऱ्यात स्क्रू गाडीला पाच मिलिमीटर पुढे नेतो, म्हणजे एका मिलिमीटरला तीनशे वीस ठोके, म्हणजे एक ठोका तीन मायक्रॉनचा. ही आकडेमोड दादाने भिंतीवर लावली आहे. तिच्याच खाली जे प्लाय उभं आहे ते अठरा मिलिमीटरचं म्हणून विकत आणलेलं आहे. एका कडेला कॅलिपर सव्वासतरा म्हणतो, दुसऱ्या कडेला काही वेगळंच, आणि पावसाळ्यात दोन्ही कडा आपापली मतं बदलतात.

स्क्रूचंही एक प्रकरण झालं. बॉलस्क्रू अचूक खरा, पण लांब आणि बारीक स्क्रू जोरात फिरवला की मधोमध दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा झुलू लागतो, आणि लांबी वाढेल तशी ही वेगाची मर्यादा लांबीच्या वर्गाने खाली येते. म्हणून मोठ्या मशीनना दातेरी पट्टी आणि तिच्यावर धावणारं पिनियन लावतात. त्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. प्ले हा शब्द दादाच्या घरात झुरळासारखा उच्चारला जातो, म्हणून स्क्रूच राहिला, जाडा घेतला, जाडा फिरवायला पुन्हा मोठी मोटर लागली. आधीच्या मोटरी भाच्याला वाढदिवसाला मिळाल्या.

स्टेपर मोटरीचा स्वभाव मला विशेष आवडतो. तिला आज्ञा कळते, पण पाळली गेली की नाही हे वर कळवायची सोय तिच्यात नाही. कटर गाठीत अडकलं, मोटर चार पावलं हुकली, तरी संगणक समाधानाने पुढचा आकडा देतो. त्याच्या कागदोपत्री सगळं जागच्या जागी असतं आणि त्याच वेळी गणपतीची सोंड कानाच्या दिशेने निघालेली असते. मध्येच वीज गेली तर दोघंही हरवतात. परत आल्यावर मशीनला कोपऱ्यातल्या स्विचपर्यंत नेऊन ‘हे आपलं घर’ असं दाखवावं लागतं, मग ते पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं.

हे सगळं चालवणारा मेंदू काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आहे. सिमेन स्कोग्सरुड नावाच्या नॉर्वेजियन माणसाने २००९ साली जीआरबीएल हा प्रोग्राम लिहून फुकट वाटला आणि तो आर्डुइनो उनो या सर्किट बोर्डावर चालतो. त्याची स्मृती दोन किलोबाइट. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारं एक गुलाबाचं फूल त्यात मावणार नाही, पण तीन मोटरींना वर्तुळात नाचवायला ती पुरते. तालुक्याच्या गावच्या मशीनना हा मेंदू नसतो. तिथे बटणांचा रिमोट असतो, त्याला डीएसपी म्हणतात, आणि त्यात मोराचा पेनड्राइव्ह खोचतात. डिझाइन मात्र आर्टकॅममध्ये होतं. हे सॉफ्टवेअर त्याच्या मालक कंपनीने २०१८ मध्येच विकायचं बंद केलं. तरी ते प्रत्येक दुकानात ताजंतवानं कसं, असं तिथे विचारायचं नसतं. विचारलं तर ‘डोंगल हरवला’ असं सांगतात.

स्पिंडल आला तो पाण्याने थंड होणारा. २.२ किलोवॉटचा, चारशे हर्ट्झला चोवीस हजार फेऱ्यांचा. पाणी फिरवायला दादाने डेझर्ट कूलरचा पंप काढला आणि बादली न्हाणीघरातली घेतली. त्या उन्हाळ्यात घरातली एकच वस्तू थंड होती.

पहिलं काम कोणतं करायचं, यावर कुणालाच विचार करावा लागला नाही, कारण या यंत्राचं पहिलं काम ठरलेलं असतं: स्वतःचंच टेबल तासून आपल्याला समांतर करून घेणं. जगातले सगळे राउटर हेच करतात. दुसरं कामही बहुधा ठरलेलंच असतं. स्पिंडल धरायला आधी लाकडाचा तात्पुरता पट्टा केलेला असतो, त्याच्या जागी बसवायचा चांगला पट्टा मशीन स्वतः कापतं. तिसऱ्या कामात ते स्वतःच्या वायरींसाठी कड्या करतं. अशा रीतीने आपल्या अडचणी आपणच सोडवणारा घरातला हा एकच सदस्य.

चौथ्या कामाला प्लाय लागलं आणि गॅरेज धुराने भरलं. दादा जपून चालवत होता. इथे एक उलटाच न्याय आहे. कटर हळू चालवलं की ते लाकूड कापत नाही, घासतं. घासलं की तापतं आणि लाकूड काळं पडतं. कटरला दोन धारा, फेरे मिनिटाला अठरा हजार, प्रत्येक धारेला मिलिमीटरचा दहावा भाग घास द्यायचा तर मशीन मिनिटाला साडेतीन मीटरच्या पुढे पळायला हवं. आयुष्यभर कुणाच्या मागे न लागलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागला. जमलं तेव्हा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, आणि एमडीएफची पिठी शेजारच्या तुळशीवर.

सोसायटीच्या सेक्रेटरी निवृत्त मराठीच्या शिक्षिका आहेत. त्यांना सगळे बाईच म्हणतात. त्यांचं परिपत्रक दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं. यंत्र सकाळी दहा ते बाराच चालवावं, धूळ शोषून घेणारी व्यवस्था असावी आणि ‘ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असलेले खुलासे स्वीकारले जाणार नाहीत’. दादाने व्हॅक्यूम क्लीनरची नळी स्पिंडलला जोडली आणि बाईंना निमंत्रण दिलं. बाई आल्या, चष्मा पुसून अर्धा तास बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “फाटकावरचा नावांचा फलक जुना झालाय.”

ही दादाची पहिली ऑर्डर. मोबदला म्हणून वेळ दहा ते एक झाली.

फलकावर रंगवलेली नावं नकोत, कापलेली अक्षरं हवीत असं ठरलं. आणि इथे नागरी लिपीने दादाला आधी खिंडीत गाठलं. फॉण्टमधल्या प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजाऱ्याच्या शिरोरेखेवर जरा चढलेली असते. डोळ्याला ती एक रेघ दिसते. कटरला मात्र प्रत्येक अक्षराची वेगळी हद्द दिसते आणि ते प्रत्येक हद्दीवर कुंपण घालत जातं. पहिल्या तुकड्यात ‘देशमुख’ यांच्या चार वाटण्या झाल्या. सगळ्या रेषा आधी वेल्ड करून एक आकृती करावी लागते, हे कळल्यावर मात्र काम सरळ झालं, आणि मग लिपीने मदतच केली. इंग्रजी नाव कापलं की अक्षरं सुटी होऊन पडतात, एकेक ओळीत चिकटवत बसावं लागतं. मराठी नाव शिरोरेखेला धरून अख्खंच्या अख्खं हातात येतं. दादा एकेक आडनाव उचलून उजेडात धरत होता आणि मी प्रथमच त्याला कॅलिपरशिवाय काहीतरी निरखताना बघत होतो.

बाई आल्या. नावं टेबलावर मांडली होती. त्यांनी एका नजरेत पानभर निबंध तपासावा तशी ती तपासली.

“टिंबं कुठंयत?”

शिरोरेखेला सगळं धरून राहतं, अनुस्वार सोडून. शिंदे, सावंत, कांबळे, देशपांडे, पंडित. प्रत्येकाचं टिंब कटरने इमानदारीने गोल कापलं होतं, आणि सुटं झाल्याबरोबर ते शेजारच्या नळीने तितक्याच इमानदारीने ओढून घेतलं होतं. ही तीच नळी, बाईंच्या परिपत्रकातली.

दादाने उपाय सुचवला की टिंब आणि शिरोरेखा यांच्यामध्ये लाकडाचा बारीक दुवा ठेवता येईल. टॅब म्हणतात त्याला. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की टॅबचा विषय तिथेच संपला.

मग गॅरेजच्या दारात वर्तमानपत्र अंथरून व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी उलटी केली गेली. दादा, भाचा, मिस्त्री (ते बिजागरीचे पैसे घ्यायला आले होते) आणि बाई भुशाच्या ढिगाभोवती बसले. टिंबं सापडू लागली. पण फलकावर पदाधिकाऱ्यांची नावं मोठ्या टाइपात होती आणि सभासदांची लहान, त्यामुळे कुठलं टिंब कुणाचं यावर चर्चा लागली. बाईंचं स्वतःचं आडनाव अनुस्वाराचं आहे. मिस्त्रींनी एक टिंब चिमटीत धरून त्यांच्या नावावर ठेवलं, तर त्या म्हणाल्या, “हे माझं नव्हे. माझं मोठ्या टाइपातलं.”

“अर्धा सूत तर फरक आहे, बाई.”

“असू दे.”

दादाने कॅलिपर काढला. टिंबांचे दोन ढीग झाले, फेविकॉलची बाटली आली आणि तासाभरात एकेक आडनाव शुद्ध होत गेलं. सगळ्यांची टिंबं लागली, वहिनीने चहा आणला, आणि वर्तमानपत्रावर एक टिंब उरलं.

दादाने ताबडतोब संगणक सुरू करून ड्रॉइंग उघडलं. बाईंनी पर्समधून सभासदांची यादी काढली.